विचार दाराशी येतो तेव्हा आपण उठून कुठे जातो?

उंबरठा

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. पडद्याच्या मध्यभागी छिद्र पडलं होतं. या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो छिद्रावर दाबून राहावा म्हणून रुग्णाला काही दिवस चेहरा खाली करून राहावं लागतं. मला सात दिवस सांगितले होते. थेंब घालण्यापुरती मान वर, बाकी वेळ पालथं. वाचन नाही, मोबाइल नाही. गाणी ऐकायला हरकत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तीही नकोशी झाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादा आठवला.

आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दादाने मला पंधरा दिवस येऊन राहायला सांगितलं होतं. मी कामाचं कारण दिलं. बाबा गेले, दादा सगळ्यांसमोर मला नको ते बोलला आणि मी निघून आलो. तेव्हापासून कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: "दादा पहिल्यापासूनच तापट." विचारणाऱ्याचं समाधान होतं, माझंही होतं.

त्या पहाटे एक गोष्ट स्वच्छ दिसली. त्या पंधरा दिवसांत माझ्यावाचून अडेल असं कामावर काहीही नव्हतं.

मी हादरलो ते मात्र पुढच्या गोष्टीने. हे मला काही नव्याने कळलेलं नव्हतं. हाच विचार नऊ वर्षांत कितीतरी वेळा आला होता. गाडी चालवताना, झोप लागायच्या आधी, कुणाचे वडील गेल्याचं कानावर आलं की. आणि दर वेळी तो पुरा व्हायच्या आत माझा हात कशाकडे तरी गेला होता. रेडिओ लावला, फोन उचलला, उद्याच्या कामांची यादी काढली. पालथं पडलेल्या माणसाला हात न्यायला जागाच नव्हती, म्हणून या खेपेला वाक्य शेवटपर्यंत गेलं.

विचार करण्याचा मला कंटाळा आहे असं म्हणता येणार नाही. कारखान्यात अपघात झाला की तो का झाला याचा माग काढणं हे माझं काम. तुटलेल्या एका बोल्टमागे मी तीन आठवडे घालवलेले आहेत. मग स्वतःच्या बाबतीत एक वाक्य नऊ वर्षं पुरं का होऊ दिलं नाही?

मला जे वाटतं ते मांडतो. बोल्टचा विचार संपला की मी अहवाल देतो, पुढचं काम दुसऱ्याचं. दादाचा विचार संपला असता तर पुढचं सगळं माझ्याच गळ्यात आलं असतं. ज्या ठिकाणापासून पुढे काहीतरी करावं लागणार असतं, बरोबर त्याच ठिकाणी आपण विचाराला सोडून उठतो.

तुम्हाला असा अनुभव आहे का? असेल तर मोकळेपणाने लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

गवतफूल

वाचलं. लगेच काही लिहिता आलं नाही.

गेली चार वर्षं मी कानात काहीतरी लावल्याशिवाय झोपलेली नाही. गोष्टी, मुलाखती, काहीही चालतं. आवाज बंद पडला की जाग येते. घटस्फोटानंतर लागलेली सवय. आजपर्यंत मी याला "झोपेचा त्रास" म्हणत होते.

दीर्घिका

उंबरठा, इतकं उघडपणे लिहिल्याबद्दल आभार. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१४ साली मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. माणसांना रिकाम्या खोलीत ६ ते १५ मिनिटं नुसतं बसवायचं, हाती काही द्यायचं नाही, फक्त आपल्या विचारांसोबत राहायचं. बहुतेकांना ते आवडलं नाही. तोच प्रयोग घरी करायला दिला तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनी मध्येच फोन पाहिल्याचं किंवा गाणी लावल्याचं कबूल केलं. यात फक्त विद्यार्थी नव्हते, १८ ते ७७ वयाच्या लोकांतही हेच दिसलं. म्हणजे "आजकालच्या मुलांना" म्हणून हात झटकता येत नाहीत.

त्यातल्या एका प्रयोगात खोलीत एक बटण ठेवलं. दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. सगळ्यांनी तो आधी घेऊन पाहिला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजायचीही तयारी दाखवली होती. तरी १५ मिनिटांत १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी तो स्वतःला निदान एकदा देऊन घेतला. एकाने तर १९० वेळा.

यावरून "माणसाला विचारापेक्षा वेदना बरी वाटते" असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. माणसं थोडी आहेत, आणि काहींनी नुसत्या कुतूहलानेही बटण दाबलं असेल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या लोकांना कुठलाही कठीण विषय दिलेला नव्हता. आवडीच्या गोष्टीचा विचार करा, असंही काहींना सांगितलं होतं. तरीही जमेना. मन आपणहून एका जागी बसत नाही, त्याला बसवावं लागतं. हे कष्टाचं आहे, आणि उंबरठांनी सांगितलेली टाळाटाळ त्याच्या वर आणखी एक थर आहे.

खडक

धागा चांगला आहे पण मला एक बाजू मांडायचीच आहे.

माझी दोन कामं आहेत. घरी आई आहे, तिला स्मृतिभ्रंश आहे. रात्री तिला झोपवून मी बसतो तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. अशा वेळी मी फोनवर काहीतरी बघत पडतो. त्याला कुणी "आत्मपरीक्षण टाळणं" म्हटलं तर मला ते लागतं. सात दिवस पालथं पडायला मिळणं हीसुद्धा एक सवड आहे. हे मी दुखवायला म्हणत नाही. पण ज्याला सवड नाही त्याच्या थकव्याला भित्रेपणा म्हणू नका.

शिवाय मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जा लागते वीस टक्के, असं वाचलेलं आहे. शरीर ती वाचवायला बघणारच ना?

दीर्घिका

खडक, तुमचं म्हणणं रास्त आहे. एक दुरुस्ती मात्र करते. दोन टक्के आणि वीस टक्के हे आकडे बरोबर आहेत, पण ती वीस टक्के ऊर्जा आपण नुसते पडून असतानाही लागते. अवघड विचार करताना त्यात पडणारी भर फारच थोडी असते, पाच टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे ऊर्जेचं कारण टिकत नाही.

थकवा मात्र खरा आहे. २०२४ मध्ये १७० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काम कुठलंही असो, करणारे कुणीही असोत, डोक्याला जितका ताण जास्त तितकं माणसाला नकोसं वाटतं असं त्यात दिसलं. तुमची रात्रीची अवस्था हीच. त्यात टाळाटाळ शोधायला मी जाणार नाही.

उंबरठा

खडक, मला लागलं नाही, आणि तुमचं बरोबर आहे. दमलेल्या माणसाला मी काही सांगायला आलेलो नाही. माझ्याकडे नऊ वर्षांत कितीतरी मोकळ्या संध्याकाळी होत्या. मी त्या भरून टाकल्या, आणि भरताना मी दमलेलोही नव्हतो. माझा प्रश्न त्या संध्याकाळींबद्दल आहे.

तुमच्या आईंची काळजी घेताना तुम्हाला कुणाची मदत आहे का? नको असेल तर उत्तर देऊ नका.

खडक

बहीण येते आठवड्यातून एकदा. विचारलंत, बरं वाटलं.

रातवा

मला दुसऱ्या टोकावरून बोलायचं आहे, आणि ते थोडं कळकळीने बोलते कारण या विषयावरच्या सल्ल्यांनी माझं नुकसान झालेलं आहे.

चोवीस-पंचवीस वर्षांची असताना मला नैराश्य होतं. तेव्हा ते कुणालाच कळलं नव्हतं. घरचे, मैत्रिणी, वरिष्ठ, सगळे एकच सांगायचे: स्वतःत डोकावून बघ, आत्मपरीक्षण कर. आणि मी दिवसाचे सोळा तास तेच तर करत होते! मी अशी का, माझंच असं का, मी तेव्हा असं का बोलले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी पुरेपूर भोगलं आहे.

पुढे उपचार घेताना कळलं की याला अभ्यासकांनी वेगळं नाव दिलेलं आहे. आपण मराठीत त्याला रवंथ म्हणू या. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या रवंथावर आयुष्यभर काम केलं. असं घोळत राहणाऱ्यांचं नैराश्य लांबतं आणि गहिरं होतं, हे त्यांनी दाखवलं. बाहेरून बघणाऱ्याला रवंथ आणि चिंतन सारखंच दिसतं. दोघेही खिडकीपाशी गप्प बसलेले असतात.

माझ्या समुपदेशकांनी मला एक साधी खूण दिली होती. तासाभराने बघायचं, आपण सुरुवात केली तिथून हललो का? काही नवीन दिसलं का? मी कधीच हललेली नसायचे. त्याच चार वाक्यांभोवती फिरत असायचे. आणि मग बऱ्याच महिन्यांनी लक्षात आलं की ती चार वाक्यं मला एका पाचव्या वाक्यापासून लांब ठेवत होती. "मी वाईट आहे" हे मी हजार वेळा म्हटलं असेल. "मला हे शिक्षण सोडायचं आहे" हे एकदाही म्हटलं नव्हतं. स्वतःला कोरडे ओढणं हीसुद्धा विचार टाळायची एक तऱ्हा असते, कारण त्यात कष्ट एवढे होतात की आपण फार खोल गेलो असं वाटतं.

म्हणून विनंती आहे, विचार करा असं कुणाला सांगण्याआधी तो माणूस आधीच बुडतो आहे का ते बघा.

झुळूक

रातवा, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे.

मला एक वेगळं दिसतं. मी स्वतः तिशीच्या आत आहे. आमच्या वयाचे लोक मनाबद्दल भरपूर ऐकतात, वाचतात. आघात, सीमारेषा, बालपण, सगळे शब्द येतात. मीही तासन्‌तास ऐकलं आहे. पण ऐकताना मी स्वतःच्या एका ठरावीक गोष्टीवर कधी आले नाही. दुसऱ्या कुणाच्या मनाची फोड ऐकताना आपलंही काम होतं आहे असं वाटत राहतं आणि आपलं राहून जातं.

माळरान

घरांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो.

एकट्याने टाळणं फार दिवस चालत नाही, त्याला सोबत लागते. प्रत्येक घराची एक मान्य झालेली गोष्ट असते. काका असे होते, आत्या तशी आहे, तेव्हा परिस्थितीच तशी होती. त्या गोष्टीला कुणी बोट लावलं की बाकीचे एकमेकांकडे बघतात. मी एकदा विचारलं होतं, "आजीला शेवटी दुसऱ्या गावी का ठेवलं?" मला फक्त माहिती हवी होती. वडील उठून गेले आणि आई म्हणाली, "तुला आमचं काहीच चांगलं दिसत नाही." प्रश्न विचारणं म्हणजे आरोप करणं, असंच धरलं जातं. मग मूल शिकतं. आधी मोठ्याने विचारायचं थांबतं, आणि काही वर्षांनी मनातसुद्धा विचारायचं थांबतं.

आपल्या भाषेतही यासाठी तयार वाक्यं किती आहेत बघा. जाऊ दे ना. चालायचंच. कशाला उगाच. झालं गेलं गंगेला मिळालं. फार विचार करू नकोस. ही वाक्यं धीर द्यायला चांगली आहेत, मी स्वतः रडणाऱ्या माणसाला ती म्हटलेली आहेत. पण तीच वाक्यं आपण विचार सुरू होताच स्वतःला म्हणतो तेव्हा त्यांचं काम बदलतं.

तत्त्वचिंतक हाना आरेन्ट १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्याला बसल्या होत्या. लाखो ज्यूंना मृत्यूकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा हा माणूस. तो सतत ठोकळेबाज, ऐकीव वाक्यांत बोलतो, हे त्यांच्या नजरेत भरलं. त्यांनी त्याच्यात पाहिलेली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे विचार करण्याचा अभाव. आइकमनबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षावर पुढे खूप वाद झाले आणि ते व्हायलाही हवे होते. तयार वाक्याआड माणूस किती भयंकर गोष्टीपासून तोंड फिरवू शकतो, हे निरीक्षण मात्र मला विसरता येत नाही. आपल्या घरगुती गोष्टींची त्याच्याशी तुलना नाही. वाक्यं तेवढी त्याच जातीची असतात.

दीर्घिका

माळरान, "मान्य झालेली गोष्ट" हे नेमकं आहे. ती गोष्ट एकट्या माणसाच्या मनात कशी तयार होते ते सांगते, कारण उंबरठांच्या दादाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं.

१९५९ साली लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करून घेतलं. फळीवरच्या खुंट्या एकेक करून पाव वळण फिरवत राहायच्या. नंतर सांगितलं, बाहेर पुढचा विद्यार्थी बसला आहे, त्याला सांगा की काम मजेचं होतं. या खोटं बोलण्याबद्दल काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. शेवटी खरंखरं मत विचारलं. २० डॉलरवाले म्हणाले, काम कंटाळवाणं होतं. १ डॉलरवाले मात्र म्हणाले, तसं बरं होतं.

२० डॉलर मिळालेल्याकडे खोटं बोलायला कारण होतं. १ डॉलरवाल्याकडे पुरेसं कारण नव्हतं, म्हणून त्याने आपलं मतच वाकवलं. बाहेरचं कारण जितकं तोकडं, तितकी आतली गोष्ट जास्त वाकवावी लागते.

उंबरठा, थोडं कठोर वाटेल. तुमचं काम खरंच न सुटण्यासारखं असतं तर "जमलं नाही, वाईट वाटतं" एवढ्यावर तुमचं भागलं असतं. काम तेवढं मोठं नव्हतं, म्हणून दादाचा तापटपणा तेवढा मोठा करावा लागला.

उंबरठा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमा करा. शेवटचं वाक्य पचायला वेळ लागला.

तुम्ही लिहिलंत त्यावरून मी माझ्याच कामाची पद्धत स्वतःवर लावून पाहिली. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली पद्धत आहे, पाच वेळा "का" विचारायचं. वंगण का संपलं, पंप का बंद पडला, गाळणी का बसवली नव्हती, असं मुळापर्यंत जायचं. आता माझी उत्तरं.

का गेलो नाही? काम होतं. ते का सोडलं नाही? वरिष्ठांना नाही म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही? मोठ्यांची मर्जी सांभाळायची लहानपणची सवय. ती का लागली? घरात दादाच्या रागाला सगळे भ्यायचे.

चौथ्या "का"ला मी पुन्हा दादाच्या रागापाशी येऊन उभा. प्रामाणिकपणे सुरुवात केली होती. कुठे चुकलो ते मला दिसत नाही.

ओळंबा

मी तुमच्याच क्षेत्रातला आहे, म्हणून लिहितो. हा धागा पहिल्यापासून वाचतोय.

आपल्या कामात तुटलेला तुकडा आणि माणसाचा जबाब यात आपण फरक करतो की नाही? तुकडा स्वतःची बाजू मांडत नाही. जबाब देणारा मांडतो, खोटं बोलायचं नसलं तरी मांडतो. तुम्ही चार वेळा "का" विचारलंत ते ज्याची चौकशी चालली आहे त्यालाच, आणि त्याचा शब्द तसाच अहवालात घातलात. कारखान्यात तुम्ही असं कराल का?

"का" या प्रश्नाला मन लगेच उत्तर देतं, आणि ते उत्तर बरोबर असेल असं नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन (वर आलेले तेच विल्सन) यांचा १९७७ चा एक लेख आहे. त्यांनी पायमोज्यांचे चार जोड एका ओळीत मांडले आणि लोकांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी ४० टक्के लोकांनी सर्वांत उजवीकडचा निवडला. का निवडला विचारल्यावर कुणी विणीबद्दल बोललं, कुणी कापडाबद्दल. जागेचं नाव एकानेही घेतलं नाही. जागेमुळे फरक पडला असेल का, असं थेट विचारलं तर जवळपास सगळ्यांनी ते नाकारलं. ही माणसं लबाड नव्हती. खरं कारण त्यांना आतून दिसतच नव्हतं, आणि "का" विचारल्यामुळे पटण्यासारखं काहीतरी सांगून झालं.

माझं सुचवणं एवढंच आहे. "का" जरा बाजूला ठेवा. त्या पंधरा दिवसांत तुम्ही प्रत्यक्ष काय काय केलंत ते दिवसवार काढा. जुन्या ईमेल असतील, रजेची नोंद असेल, प्रवासाची तिकिटं असतील. घटनाक्रम आधी, कारण नंतर. आपण एरवी हेच करतो.

दीर्घिका

ओळंबा, वा. यात मी फक्त भर घालते.

घटनाक्रम लिहाल तेव्हा "मी" ऐवजी "तो" लिहून बघा. २०१४ मधलाच आणखी एक अभ्यास आहे, इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांचा. मित्राच्या अडचणीबद्दल माणसं जितक्या समंजसपणे विचार करतात तितक्या स्वतःच्या तशाच अडचणीबद्दल करत नाहीत. स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं बघायला सांगितलं की हा फरक राहत नाही. साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीतही असंच दिसलं, वयाने हे आपोआप सुधारत नाही.

आणि लिहिण्याला मुदत घाला. जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जड घटनेबद्दल तथ्यं आणि भावना दोन्ही लिहायच्या. लिहून झाल्यावर लगेच त्या विद्यार्थ्यांना अधिक वाईट वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या शेकडो प्रयोगांत हा परिणाम सौम्यच दिसतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पण पहिल्या दिवशी वाईट वाटलं म्हणून थांबू नका, एवढं त्यातून नक्की घ्या.

रातवा

आणि शक्यतो दिवसा लिहा. रात्री एकट्याने नको. घरात कुणीतरी जागं असू दे. पंधरा मिनिटं झाली की खरोखर वही मिटा आणि बाहेर चालून या. पहिल्या दोन दिवसांत तेच तेच उमटत राहिलं तर आमच्याशी बोला किंवा समुपदेशकांकडे जा, एकट्याने रेटू नका.

उंबरठा

सगळ्यांना लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो. आठ दिवस झाले.

जुन्या ईमेल सापडल्या. दादाचा फोन आला ती तारीख मला पक्की आठवते. त्यानंतर दोन दिवसांनी मी वरिष्ठांना पाठवलेली ईमेल आहे. दुसऱ्या कारखान्याच्या पाहणीला कुणाला पाठवायचं हे ठरत नव्हतं. मी लिहिलं आहे: "मी जायला तयार आहे." मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ते मागून घेतलं होतं.

हे माझ्या आठवणीत नव्हतं. ओळंबा, शपथेवर सांगतो, नव्हतं. मला कुणी विचारलं असतं तर त्या पाहणीवर मला पाठवलं गेलं असंच मी सांगितलं असतं, आणि तसं मानतही होतो.

मग लिहायला बसलो, "तो" म्हणून. पहिले दोन दिवस दादाबद्दलच लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता त्या फोनच्या एक महिना आधीची माझी भेट आली. तो एका दिवसासाठी बाबांकडे गेला होता. बाबांना उठवून बसवताना त्याने त्यांना काखेत धरलं. ज्या माणसाने त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं त्या माणसाचं काहीच वजन लागलं नाही. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दादाचं नाव घेऊन हाक मारली. तो "हो" म्हणाला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

त्याला पुन्हा तिथे जायचं नव्हतं. एवढंच होतं. दादाचा राग, काम, वरिष्ठ, कशाचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

दादा त्या खोलीत सात महिने होता. रोज.

पत्र लिहिलं आहे. तीन ओळींचं आहे. आधी दोन पानांचं झालं होतं, त्यात सारखा "पण" येत होता. ते फाडलं. आज सकाळी टाकलं. उत्तर येईल की नाही सांगता येत नाही, आणि नाही आलं तर तो त्याचा हक्क आहे.

खडक

उंबरठा, मी त्या खोलीत राहणारा मुलगा आहे. माझा भाऊ लांब असतो, आणि मला त्याचा फार राग आहे.

तुमचं वाचून राग गेला असं म्हणणार नाही. पण तो शेवटचा आला होता तेव्हा जेवण अर्धवट टाकून लवकर निघाला होता. मी तेव्हा म्हटलं, याला दोन तासही बसवत नाही. आज मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय.

रातवा

खडक, सावकाश. आज एवढंच पुरे.

गवतफूल

काल रात्री कानात काही न लावता झोपायचा प्रयत्न केला. वीस मिनिटं झाली आणि मी परत लावलं.

त्या वीस मिनिटांत एक गोष्ट आठवली. ती इथे लिहिणार नाही. वही आणली आहे.